एका धांड्याची दोन कणसं

परवा वाशीमच्या बाजारात एका हातगाडीवर हुरडा दिसला आणि मी घ्यायला निघालेली मेथी विसरले. चिमुकल्या प्लास्टिकच्या पिशव्या, त्यांना पिना मारलेल्या, आत पोपटी दाणे. विकणारी बाई म्हणाली, "घ्या ना आजी, कवळा हाय." आजी म्हणणाऱ्यांशी मी हल्ली भांडत नाही. दोन पिशव्या घेतल्या. घरी येऊन एक पिशवी तव्यावर परतली. हुरडा तव्यावर परतणं म्हणजे खरं तर त्याचा अपमान आहे. तो शेतात बसून, गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं खुपसून, डोळ्यांत धूर जात असताना खायचा असतो. पण पहिला दाणा दाताखाली फुटला, ती ओली गोडी जिभेवर उतरली आणि मी गॅससमोरून थेट शेलूबाजारात जाऊन पोचले. आणि एका माणसासाठी पिशव्या दोन का घेतल्या, ते सांगायचं तर मला त्या हंगामातच शिरायला हवं.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. वाशीम जिल्हा झालेला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. सोयाबीनचं नाव आमच्या भागात कुणी काढत नसे. आज मेडशीपासून शेलूबाजारापर्यंत जा, ज्वारी शोधावी लागते. तेव्हा दिवाळी सरली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारीच ज्वारी. माणूस आत शिरला की गडप. कणसं कुठे हलतायत त्यावरून तो कुठवर पोचला ते ओळखायचं. मधल्या पट्ट्यांत कपाशी फुटलेली, तुरीला पिवळा फुलोरा, आणि सकाळची थंडी अशी की एस.टी.च्या खिडकीची लोखंडी दांडी धरवत नसे. मी शालीत गुंडाळून शेलूबाजारच्या थांब्यावर उतरायची आणि ऑफिसचं कुलूप काढायची. ते कुलूप उघडताना मला रोज नव्याने आनंद व्हायचा, हे आज कबूल करायला काय हरकत आहे?

ऑफिस म्हणजे एका किराणा दुकानामागची खोली. गूळ, जिरं आणि घासलेट यांचा एकत्र वास भिंतींतच मुरलेला. एक टेबल, एक खुर्ची, कार्डांची लाकडी पेटी आणि मॅट्रिक पास झालेली मी. आमच्या घराण्यात टेबल-खुर्चीवर बसणारी मी पहिली. बाबा आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबलेले. पहिल्या महिन्यात ते एकदा मुद्दाम आले, दारातच उभे राहिले, आणि मला नाही, खुर्चीला नीट पाहून घेतलं. "हालत तं नाई ना?" एवढंच विचारलं. हलत नव्हती. मग खुशीत निघून गेले.

काम होतं तोंडाच्या कॅन्सरची पाहणी. आमच्या डॉक्टरीणबाई जीप घेऊन गावोगाव जायच्या, पारावर माणसं बसवायच्या आणि बॅटरीच्या उजेडात एकेकाचं तोंड उघडून पाहायच्या. कॅन्सर हा शब्द गावात कुणी तोंडाने उच्चारत नसे, "थो रोग" म्हणायचे. तंबाखूची गोळी गालात धरून दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाया, चुन्याची डबी कमरेला लावलेले म्हातारे. ज्याच्या तोंडात खूण सापडेल त्याचं कार्ड व्हायचं, दोन प्रतींत. एक प्रत माझ्या पेटीत, दुसरी मेडशीच्या खोलीत, जिथे राऊतभाऊ बसायचे. माझ्या वहीवरून यादी निघायची. यादीतल्या माणसाला पत्र जायचं आणि ठरल्या गुरुवारी जीप त्याला उपचारासाठी नागपूरला न्यायची. यादीत नाव नसेल तर पत्र नाही, पत्र नाही तर जीप नाही. इतकं ते साधं होतं.

राऊतभाऊ शेतकरी घरचे, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, अंगाने आडवे. त्यांचं या कामाचं शिक्षण एका शहरात झालेलं, माझं दुसऱ्या. त्यामुळे दोघांना मोजणीच्या नियमांची दोन पुस्तकं मिळालेली. माझं पुस्तक सांगायचं की तोंड म्हणजे एकच जागा. माणसाच्या तोंडात आज गालावर निघो, दोन वर्षांनी जिभेवर निघो, नोंद एकच. राऊतभाऊंचं पुस्तक सांगायचं की गाल वेगळा, जीभ वेगळी, ओठ वेगळा. जितक्या जागी रोग, तितक्या नोंदी. तीच कार्डं, तीच माणसं, पण बेरीज त्यांची वेगळी, माझी वेगळी. आम्ही यावर पत्रांतून भांडायचो. ते लिहायचे, "ताई, तुमचे पुस्तक कंजूष आहे." मी लिहायची, "भाऊ, तुमचे पुस्तक उधळे आहे." सरकारी लखोट्यातून हे असं लिहायला आम्हांला लाज कशी वाटत नसे, कोण जाणे.

माझ्या पुस्तकावर माझा फार जीव होता. एक माणूस, एक कार्ड. पेटी उघडली की सगळं जागच्या जागी. शिवाय माझ्याकडे एक विद्या होती जी राऊतभाऊंकडेच काय, आख्ख्या खात्यात कुणाकडे नव्हती. आमच्या लोकांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि कितीकांनी आपली जुनी नावंही टाकून दिली. धोंड्या, दगडी, कचरी, उकिरड्या ही काय नावं झाली? लोकांनी ठेवलेली ती नावं सोडून माणसांनी स्वतःच्या पसंतीची नावं घेतली. पण तलाठ्याकडे, रेशन कार्डावर जुनीच राहिली. त्यामुळे एकच बाई एका शिबिरात एका नावाने यायची, दुसऱ्यात दुसऱ्या. बाहेरच्या कारकुनाने दोन माणसं मोजली असती. मी मोजत नसे. कुठल्या गावची कचरी आता सुमेधा झाली, मला तोंडपाठ होतं. दोन कार्डं एकत्र टाचली की मला कोडं सुटल्याचा आनंद व्हायचा, आणि मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटून घ्यायची.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी तापाने आडवी झाले. बाईंनी वर्षाची बेरीज मेडशीहूनच वर पाठवायला सांगितली. आदल्या वर्षी माझ्या पुस्तकाने नवीन रोगी अकरा गेले होते. यंदा राऊतभाऊंच्या पुस्तकाने चौदा गेले. माझ्या वहीत यंदाही अकराच होते, पण ते विचारायला खाटेशी कोण येणार? वर कुणीतरी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, अकराचे चौदा झालेले पाहिले आणि हादरले. आमच्या भागात त्या रोगाने उचल खाल्ली म्हणे!

मग एक दिवस साहेबांची जीप आली. तीन साहेब, काचेच्या बाटल्या, रबरी नळ्या. त्यांनी शेलूबाजारच्या विहिरींचं पाणी भरून घेतलं. गावात कोणत्या फवारण्या होतात ते विचारलं. किराणा दुकानदाराला तंबाखू कुठून आणता म्हणून इतकं खोदखोदून विचारलं की तो घाबरून तंबाखू नाहीच म्हणाला, आणि त्याच्या मागेच पुडे लटकत होते. अशा हंगामात आलेल्या पाहुण्याला उपाशी कसं जाऊ देणार? एका शेतकऱ्याने तिघांना शेतात नेलं, गोवऱ्या पेटवल्या. साहेब आधी नको नको म्हणाले आणि मग दोन तास उठले नाहीत. मोठ्या साहेबांच्या मिशांना राख लागलेली, हातात गरम कणीस, आणि ते मला म्हणतायत, "बाई, वाढ का झाली ते लेखी कळवा. दोन्ही वह्या जुळवा." मी "हो साहेब" म्हटलं आणि हसू दाबायला तुरीकडे पाहत राहिले.

दुसऱ्याच दिवशी राऊतभाऊ मेडशीहून मालेगावमार्गे दोन एस.टी. बदलून आले. काखेत वही, हातात पिशवीभर तुरीच्या शेंगा. टेबल एकच, म्हणून खुर्ची मी त्यांना दिली आणि मी पोत्यावर बसले. त्यांनी खुर्ची परत दिली. शेवटी दोघंही पोत्यांवर बसलो आणि खुर्चीवर वह्या बसल्या.

"वाचा तुमचे चौदा," मी म्हटलं.

एकेक नाव ते वाचत गेले, मी खूण करत गेले. पहिला जास्तीचा निघाला तो एक म्हातारा, ज्याच्या दोन्ही गालांवर होतं. त्यांनी दोन लिहिलेले. दुसरा एक गाडीवान, ओठावर आणि हिरडीवर. त्याचेही दोन. मी विजयाने म्हटलं, "पाहा! माणसं वाढली का? तुमची रेघ वाढली."

"अन् हे?" त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "यशोधराबाई. जिभेच्या कडेले. हे तं तुमच्या वहीत अर्धीबी नाई."

"ती आहेच. दोन वर्षांपूर्वीची दगडाबाई ती. डाव्या गालाचं ऑपरेशन झालंय तिचं. एकच माणूस, मी जुन्या कार्डाला टाचलंय."

"बरं, टाचलं. मंग नागपूरले कदी गेली थे?"

मी पेटी ओढली. जुनं कार्ड काढलं. वर निळा शिक्का होता, उपचार पूर्ण. त्याच्या मागे, माझ्या हाताने नीट टाचलेलं, यशोधराबाईचं नवं कार्ड. पूर्ण झालेल्या कार्डांच्या कप्प्यात. तो कप्पा यादीसाठी कुणी उघडत नसे. दिवाळीआधीच्या ज्या शिबिरात तिची जीभ पाहिली, तिथे डॉक्टरीणबाई रजेवर होत्या, बदलीचे डॉक्टर होते, त्यामुळे बाईंनाही ती आठवण्याचं कारण नव्हतं. महिना उलटून गेला होता. तिला पत्र गेलं नव्हतं, कारण माझ्या पुस्तकाने तिला नवा रोग झालेलाच नव्हता.

माझ्या शिस्तीने, माझ्या त्या लाडक्या विद्येने एका बाईला पेटीत बंद केलं होतं. मी रडायला लागले. राऊतभाऊंनी तुरीच्या शेंगांची पिशवी बाजूला केली आणि म्हणाले, "रडाचं मंग पाहू. आज मंगळवार हाय. जीप गुरुवारी जाते. उठा."

यशोधराबाईचं गाव दोन कोसांवर. अर्धी वाट बैलगाडीने, अर्धी पायी. मला ती वाट अजून पावलापावलाने आठवते, आणि नवल म्हणजे भीतीसकट ती सुंदर आठवते. ऊन कोवळं होतं. पाखरं राखायला कुणीतरी पत्र्याचा डबा बडवत होतं. ज्वारी हुरड्यात आलेली. बांधावरून चालताना पात्यांच्या कडा हाताला चरचरत होत्या आणि मी मनात एकच घोकत होते की ती भेटू दे, बरी असू दे.

ती शेतात होती. स्वतःचं दोन एकर, नवरा गेलेला, एकुलती लेक लग्न होऊन दूर दिलेली. उंच, काटक, कपाळ रिकामं, डोळे मात्र हसरे. विळा हातात, एका बाजूने बोलत होती, कारण जिभेची दुसरी कड दुखत होती.

"या बापा! पत्र घेऊन आल्या का? मी वाट पाहून राह्यलो. पोस्टमन दिसला का इचारतो. थो म्हनते, यशोधरा नावाचं काई नाई."

मी खरं ते सगळं सांगितलं. दोन कार्डं, शिक्का, कप्पा, पुस्तक. ती विळा मांडीवर ठेवून ऐकत होती. सांगताना माझ्या लक्षात आलं की माझ्या चुकीत आणखी एक चूक होती. मी नवं कार्ड जुन्याच्या मागे टाचलं होतं. म्हणजे वर दगडाबाई आणि खाली यशोधरा.

तिच्याही ते लक्षात आलं. "म्हनजे वहीत मी दगडीच राह्यलो?" ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण मला तो अजून ऐकू येतो. "अव पोरी, थे नाव मायबापानं बी नाई ठेवलं. लोकायनं ठेवलं. यशोधरा मी सोता घेतलं. तू तं आपली. तुले कळाले पायजे होतं."

राऊतभाऊ खाकरले आणि माझी बाजू घेऊन म्हणाले, "मावशी, तिच्या पुस्तकात तसंच लेहेलं हाय. एक मानूस, एक नोंद. माह्या पुस्तकात वायलं हाय. आमचं भांडन त्याच्यावरच चालू हाय."

"काहून भांडता?" ती उठली, बांधालगतच्या ज्वारीत हात घातला आणि एक ताट वाकवलं. ताटाला आमच्याकडे धांडा म्हणतात. त्या धांड्याला वर एक मोठं कणीस होतं आणि खाली फुटव्याला एक लहान. "हे पाय. धांडा एक, कणसं दोन. कडबा मोजाचा असन तं तू बरोबर, एक. दाने मोजाचे असन तं हा भाऊ बरोबर, दोन. पन इळा लावाले मले दोन डाव वाकाच लागते. एकडाव कापलं म्हनून दुसरं आपोआप पडन का?"

आम्ही दोन पुस्तकं घेऊन दोन वर्षं भांडत होतो आणि तिने ते उभ्या उभ्या मिटवलं. राऊतभाऊ तर इतके हसले की डबा बडवणारा थांबला. माझ्याही तोंडावर रडण्यातून हसू फुटलं. यशोधराबाईने तेवढ्यात चार गोवऱ्या रचल्या. रागावून पाहुण्याला तसंच पाठवणं तिच्यात नव्हतं. कणसं भाजली, तळव्यांत चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला आणि ओंजळ राऊतभाऊंपुढे केली. त्या काळात पाटलाच्या आळीतला माणूस आमच्या हातचं खाईल की नाही, हे आम्हांला आधी डोळ्यांनीच पाहून घ्यायची सवय होती. मी पाहिलं. त्यांनी ओंजळ घेतली, तोंडात टाकली आणि म्हणाले, "मावशी, मीठ नाई का थोडं?"

ती स्वतः मात्र खात नव्हती. एक दाणा तिने जिभेवर ठेवला आणि चेहरा आवळून काढून टाकला. "झोंबते," म्हणाली. "अवंदा माह्या वाट्याचा हुरडा तुमीच खा." आम्ही खाल्ला.

गुरुवारी ती जीपमध्ये बसली. त्याआधी बुधवारी मी नवं कार्ड सोडवून चालू कार्डांच्या कप्प्यात ठेवलं, वर यशोधरा लिहिलं, आणि खाली लहान अक्षरात जुनं नाव, फक्त शोधण्यापुरतं. साहेबांना आम्ही दोघांनी मिळून पत्र लिहिलं. यंदाची नवीन माणसं अकरा. नव्या जागा चौदा, त्यांतली एक जुन्या रोग्याची. रोग वाढलेला नाही, मोजायची रीत बदलली आहे. यापुढे दोन्ही आकडे दोन रकान्यांत पाठवू. विहिरींच्या पाण्याबद्दल काही लिहिलं नाही. साहेबांचं उत्तर आलं, त्यात "ठीक" एवढाच शब्द होता. मला तो पदकासारखा वाटला.

पण खरं उत्तर नागपूरहून यायचं होतं, आणि ते येईना. जिभेची कड काढली, मग किरणांचा शेक दिला, एवढं बाईंकडून कळायचं. ज्वारी खळ्यात आली, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटल्या गेल्या, ऊन तापलं, पाऊस येऊन गेला. मी पेटी उघडायची, तिचं कार्ड पाहायची, मिटायची. माझ्या आयुष्यात मी कुणाची इतकी वाट पाहिली नाही, लग्नातही नाही.

पुढची दिवाळी सरली आणि एका सकाळी खोलीच्या दारात ती उभी. वाळलेली, पदर गालावरून घेतलेला, डोळे तेच. शब्द थोडे घसरत होते, पण कळत होते. "राऊतले बी बोलाव," म्हणाली. "हुरडा आला हाय."

आम्ही तिघं त्याच बांधावर बसलो. तीच थंडी, तोच धूर. राऊतभाऊंनी तुरीच्या शेंगा आणलेल्या, मी ताकाची बरणी. कणसं भाजून झाली. यंदा चोळायचं काम मी घेतलं, कारण तिला खायचं होतं. अगदी कोवळे दाणे निवडून मी ओंजळ तिच्यापुढे धरली. तिने एकेक दाणा तोंडात टाकला, ताकाचा घोट घेतला, हळूहळू चावला. आम्ही दोघं तिचा जबडा पाहत होतो. सबंध ओंजळ संपली. मग तिने आमच्याकडे पाहिलं.

"तुमच्या वहीत मी किती डाव हाओ?"

राऊतभाऊ माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, "दोन डाव. दोन रकान्यांत."

"मंग हुरडाबी दोन डाव देजा मले," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "थे मूठ गालाची होती. आता जिभेची आन."

त्यानंतर ती कितीतरी हंगाम जगली. माझ्या वहीत तिचं नाव तिसऱ्यांदा कधी आलं नाही. पुढे ती गेली ती म्हातारपणाने, लेकीच्या घरी, झोपेत. राऊतभाऊ गेले, पेटी गेली, ते किराणा दुकान पाडून तिथे मोबाईलचं झालं. ज्वारी तर बांधावरूनही गेली.

परवा पहिली पिशवी संपवून मी दुसरीची पिन काढायला लागले तेव्हा सून म्हणाली, "आई, पुरे ना आता. एकटीसाठी किती?"

मी म्हटलं, "गालाचा झाला. हा जिभेचा." तिला काही कळलं नाही. मग दुसरी पिशवीही परतली, गॅस बंद करून तिला शेजारी बसवलं, अर्धा हुरडा तिच्या तळव्यावर ओतला आणि दगडाबाई हे नाव न घेता यशोधराबाईपासून सांगायला सुरुवात केली.